तिसऱ्या पायरीवरची भाकरी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, पेन्सिलीतलं खातं चालायचं. दूध किती, मावशींनी कोणत्या दिवशी दांडी मारली, आणि मध्येच एका चौकटीत 'गॅ. ला.' म्हणजे गॅस लावला. पान उलटलं की पुढच्या महिन्यात कुठेतरी पुन्हा 'गॅ. ला.' मधले दिवस त्या बोटांवर मोजायच्या. पंचेचाळीस भरले की समाधान. अडतीसच भरले तर चौकशी बसायची. पाहुणे किती आले होते, अनारसे दोनदा केले का, की बाटलीच हलकी आली होती?

हा त्यांचा छंद आहे असं मी वीस वर्षं समजत होते. तो आमच्या घरातला एक मीटर होता, हे कळायला 6,808 रुपयांचं विजेचं बिल यावं लागलं.

गॅस गेला तो 2024 च्या दिवाळीनंतर. त्याआधी दोनदा असं झालं की दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि आई देवघरात जाऊन बसल्या. पहिल्या वेळी वास मला आला. दुसऱ्या वेळी मुलगी क्लासहून लवकर परतली म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे विसरणं आता फक्त वयाचं नाही. त्या आठवड्यात शेगडी निघाली. तिच्याबरोबर बाथरूममधला गॅस गीझरही काढला, कारण त्या बाथरूमला खिडकी म्हणजे वीतभर झरोका, आणि बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात छापून येतात. स्वयंपाकघरात दोन चुलींचा इंडक्शन आला, दोन्ही बाथरूममध्ये पंचवीस-पंचवीस लिटरचे विजेचे गीझर लागले. 'ऑल इलेक्ट्रिक' असा शब्द मुलीनं शोधून काढला. तिला तो फार आधुनिक वाटत होता.

डिसेंबरचं बिल जानेवारीत आलं. आधीच्या महिन्यांत आमचा वापर 210 युनिटांच्या आसपास असायचा आणि बिल तेवीसशेच्या. आता युनिट 482 आणि रक्कम 6,808. युनिट सव्वादोनपट, पैसे जवळजवळ तिप्पट. नवऱ्यानं बिल दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि जाहीर केलं, "मीटर पळतोय."

सोसायटीत विषय निघाला तेव्हा कळलं की प्रत्येकाकडे एक सिद्धांत तयार आहे. नवीन मीटर मुळातच जोरात फिरतात, हा सगळ्यात लोकप्रिय. कुणी म्हणालं, सरासरीचं बिल लावलं असेल. कुणी म्हणालं, वरच्या मजल्यावरचं काम चालू आहे, ग्राइंडरची वायर कुठे लावली आहे ते बघा. आणि एक समज तर शिकल्यासवरल्या मंडळींतही पक्का आढळला: तीनशेच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळं बिल वरच्या दरानं लागतं.

हा शेवटचा समज साफ चुकीचा आहे. पण आमच्या बिलाचं अर्धं उत्तर त्याच्या शेजारीच दडलेलं होतं.

घरगुती वीजदराला पायऱ्या असतात. महावितरणसाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या 2024-25 च्या दरांत पहिली 100 युनिटं 4 रुपये 71 पैशांनी, 101 ते 300 पर्यंतची 10 रुपये 29 पैशांनी, 301 ते 500 पर्यंतची 14 रुपये 55 पैशांनी आणि त्यापुढची 16 रुपये 64 पैशांनी. प्रत्येक युनिटावर वहन आकार 1 रुपया 17 पैसे. स्थिर आकार 128 रुपये. या सगळ्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजनाचे पैसे कधी असतात, कधी नसतात. नंतर हे दर बदलले, पायऱ्या मात्र त्याच राहिल्या.

तुम्ही 482 युनिटं वापरली तरी तुमची पहिली शंभर स्वस्तातलीच राहतात. ती कुणी हिरावून घेत नाही. जिना चढताना खालच्या पायऱ्या उचलून वर नेत नाहीत, तसंच. पण नवीन आलेलं उपकरण नेहमी सगळ्यात वरच्या पायरीवर बसतं, कारण खालच्या पायऱ्या फ्रिज, पंखे, दिवे, वॉशिंग मशीन यांनी आधीच अडवलेल्या असतात. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून आपण म्हणतो, "चौदा रुपयांनी पडली." ती सरासरी. नव्या गीझरनं जाळलेलं शेवटचं युनिट वहन आणि शुल्कासकट 18 रुपये 24 पैशांना पडलं होतं. शंभराच्या आतलं तेच युनिट 6 रुपये 82 पैशांचं. तार तीच, वीज तीच.

मी आईंच्या कालनिर्णयाशी हा हिशेब ताडून पाहिला. सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. त्यात उष्णता सुमारे 180 युनिटांची. शेगडीवर तिच्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्यात जाते, बाकीची ओट्यावरच्या हवेत आणि स्वयंपाक करणारीच्या तोंडावर. इंडक्शन भांड्याचा तळच तापवतं, म्हणून तिथे पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास कामी येते. म्हणजे एका सिलिंडरभर स्वयंपाकाला विजेची साधारण 130 युनिटं. सिलिंडर तेव्हा आठशेच्या आसपास होता. ही 130 युनिटं पहिल्या पायरीवर बसली असती तर 887 रुपये, म्हणजे गॅसची आणि विजेची जवळपास बरोबरी. दुसऱ्या पायरीवर सतराशे अठ्ठावीस. तिसऱ्या पायरीवर 2,371.

भाकरी तीच, पीठ तेच. भाकरीचं नाव घेतलं ते मुद्दाम, कारण इंडक्शननं आमच्या घरातलं पहिलं भांडण भाकरीवरूनच लावलं. लोखंडी तवा त्यावर चालतो, पण भाकरी तव्यावरून काढून जाळावर फुगवायची असते आणि जाळच नाही. काचेवर भाकरी फुगत नाही. वांगं भाजता येत नाही, पापड भाजता येत नाही, मिरची खरपूस होत नाही. शेवटी एक इन्फ्रारेड चूल आणली. तिच्या काचेखालची तार लाल होते, वर जाळी ठेवता येते, कुठलंही भांडं चालतं. पण ती आधी स्वतः तापते, मग भांडं तापवते, आणि बंद केल्यावर दहा मिनिटं गरमच राहते. म्हणजे इंडक्शनची काटकसर तिच्यात नाही. आईंनी तिच्यावरची पहिली भाकरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "पोळीसारखी झालीय गं." यापेक्षा कडक शेरा त्यांच्याकडे नाही.

तर स्वयंपाकाची महिन्याची युनिटं पंच्याऐंशी धरली. आंघोळीचा हिशेब आणखी सोपा. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला लागणारी ऊर्जा शाळेच्या पुस्तकातच असते. पुण्याच्या डिसेंबरात नळाचं पाणी वीस अंशांवर, अंगावर घ्यायचं चाळीसवर. वीस लिटरच्या बादलीला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. चार माणसं, चार बादल्या, दोन युनिटं. भांडी, हातपाय, पाइपात गार होऊन वाया जाणारं पाणी मिळून दिवसाला अडीच, महिन्याला पंचाहत्तर.

पंच्याऐंशी अधिक पंचाहत्तर, एकशे साठ. वापर मात्र वाढला होता 272 नं. एकशे बारा युनिटांचा पत्ता लागत नव्हता.

इथे मला आईंच्या पेन्सिलीची आठवण झाली. पूर्वी आमच्या घरात तीन खाती होती: स्वयंपाकाची बाटली, गीझरची बाटली आणि विजेचं बिल. गीझरची बाटली अडीच महिने पुरायची. ती कधी दीड महिन्यात संपली असती तर आईंनी त्याच दिवशी बाथरूमचा नळ तपासायला लावला असता. बाटली संपणं हीच सूचना असायची. आता तिन्ही खाती एका आकड्यात विरघळली होती, आणि तो आकडा महिन्यातून एकदा, तोही महिना सरल्यावर हातात पडत होता. एकूण वाढली एवढंच तो सांगतो, कुठे वाढली ते सांगत नाही.

वायरमन आला. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. बिल त्यानं बाजूला ठेवलं. "आधी मेन पाडा. खाली टिकली थांबते का बघू."

टिकली म्हणजे मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा. आमच्या मीटरवर 3200 हा आकडा छापलेला आहे. तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट मोजलं जातं. कुणाच्या मीटरवर 1600 असतो, कुणाच्या 6400. हा आकडा कळला की मनगटावरच्या घड्याळानं घर तपासता येतं. मिनिटभरात टिकली दहादा लागली तर तासाला सहाशेदा, म्हणजे घरात या क्षणी जेमतेम 190 वॅट चालू आहेत. दोन किलोवॅटचा गीझर सुरू झाला की ती मिनिटाला शंभराहून जास्त वेळा लागते, सेकंदाला जवळपास दोनदा.

मेन पाडल्यावर टिकली थांबली. म्हणजे वरच्या मजल्याची वायर, चोर, ग्राइंडर सगळे निर्दोष सुटले. मीटरवर 'अर्थ' लिहिलेला दुसरा दिवा असतो. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह जुळत नसेल तर तो पेटतो. तोही शांत. "मीटर बरोबर आहे," वायरमन म्हणाला. "घरातच काहीतरी खातंय. रात्री बघा, सगळे झोपल्यावर."

एकेका उपकरणाचा संशय घेण्यात दोन दिवस गेले. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी जागाच असतो, दहा-पंधरा वॅट खात. राउटर, मुलीचा लॅपटॉपचा चार्जर, पाण्याचं शुद्धीकरण यंत्र. दिवसभराची मिळून बेरीज अर्धं युनिट. जुने पंखे पंचाहत्तर वॅटचे, नवे बीएलडीसी तीसच्या आसपास, पण डिसेंबरात पंखे चालवतंय कोण? एसीचं नाव मनात आलं आणि तेवढ्यावरच राहिलं. तो एप्रिलपासून झाकलेलाच होता म्हटलं तरी चालेल. माझा नवरा त्याला महागातलं शोभेचं कपाट म्हणतो.

मग मी रात्री पार्किंगमध्ये बसले.

मीटरचं पॅनेल खाली लिफ्टजवळ आहे. अंगावर शाल, हातात वही, समोर चोवीस मीटरांच्या चोवीस टिकल्या. रात्री एक वाजता अख्खी इमारत लुकलुकताना पाहिली नव्हती कधी. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला की ताई, सगळं ठीक आहे ना, घरी काही झालंय का. आमची टिकली संथ होती, फ्रिज चालू झाला की जरा लगबग. एक वाजून वीस मिनिटांनी तिनं अचानक धाव घेतली. पाच मिनिटं सेकंदाला दोनदा, मग पुन्हा संथ. अडीचच्या सुमाराला पुन्हा तसंच. पावणेचारला पुन्हा.

सेकंदाला दोनदा म्हणजे दोन किलोवॅट. गीझर. पण रात्री अडीच वाजता कुणाच्या आंघोळीसाठी?

इथे आमचा गुन्हा कबूल करते. गॅस गीझर नळ सोडला की पेटायचा आणि बंद केला की विझायचा, त्यामुळे घरात कुणालाच गीझरचं बटण बंद करण्याची सवय नव्हती. विजेचे दोन्ही गीझर बसवल्या दिवसापासून चोवीस तास चालू होते. टाकीतलं पाणी बाहेरच्या गारव्यानं निवत राहतं आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवत राहतो. गीझरवरचे तारे याच गळतीचे असतात. बीईई, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, टाकीचा गीझर जोखताना पाणी किती भरभर तापतं ते पाहत नाही, तापलेलं किती वेळ राहतं ते पाहतं. चांगल्या टाकीतूनही दिवसाला अर्धं-पाऊण युनिट असंच उडून जातं. दोन गीझरांचं मिळून सव्वा धरा.

तरी हिशेब जुळेना. नुसती निवणारी टाकी रात्रीतून एखाद्या वेळी पेटायला हवी, दर सव्वा तासानं नव्हे. दुसऱ्या रात्री नवऱ्यानं वर आधी एका गीझरचं बटण बंद केलं, मग दुसऱ्याचं, आणि मी खालून फोनवर टिकल्या मोजल्या. आमच्या खोलीतला गीझर रात्रीतून एकदाच पेटला. आईंच्या बाथरूममधला दर सव्वा तासानं. दोन्ही एकाच दिवशी आणलेले, एकाच कंपनीचे. वाटलं, थर्मोस्टॅट बिघडला असेल.

उत्तर दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलं. खालच्या मजल्यावरच्या काकू महिन्याभरापासून तक्रार करत होत्या की त्यांच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय. आम्ही वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून आईंच्या बाथरूमच्या फरशीच्या सांधी भरून घेतल्या होत्या, साडेतीन हजार मोजून. थेंब काही थांबले नव्हते. त्या दिवशी काकू वैतागून म्हणाल्या, "बादली लावून ठेवलीय मी. आणि अहो, पाणी कोमट पडतंय."

मी जिन्यातच उभी राहिले.

गीझर बसवताना प्लंबरनं भिंतीतला जुना गरम पाण्याचा पाइप नव्या जोडाला जुळवला होता. तो जोड भिंतीच्या आत सुटला होता. मिनिटाला दोन-अडीच मोठे चमचे पाणी. डोळ्यांना ती गळतीही वाटणार नाही. पण दिवसाला ते पन्नास लिटर होतं, आणि हे पन्नास लिटर वीस अंशांवरून साठवर नेलेलं. दिवसाला जवळजवळ सव्वादोन-अडीच युनिटं. आम्ही महिनाभर काकूंचं छत तिसऱ्या पायरीच्या दरानं तापवत होतो.

गॅस गीझर असता तर हाच जोड सुटल्यावर काय झालं असतं, याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. एवढ्या बारीक धारेनं तो पेटलाच नसता. गार पाणी गळलं असतं, काकूंनी तक्रार केली असती, पाण्याची तक्रार पाण्यापाशी संपली असती.

माझा धाकटा दीर टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो. त्याला ही कथा फोनवर सांगितली तेव्हा तो हसला नाही. "वहिनी, आमच्याकडे हे दर हिवाळ्यात कुणाच्या तरी घरी होतं," म्हणाला. टेक्ससमधली साठेक टक्के घरं विजेनंच गरम होतात. त्याच्या घरी हीट पंप आहे, म्हणजे उलटा चालवलेला एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो. म्हणून बेताच्या थंडीत एका युनिटात तीन युनिटांची ऊब मिळते. पण त्याच यंत्राच्या पोटात, फार थंडी पडली तर असावी म्हणून, साध्या तारेची हीटर पट्टी असते, आपल्या इस्त्रीसारखी, दहा-दहा किलोवॅटची. ती एका युनिटात एकच युनिट ऊब देते. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर चुकून 'इमर्जन्सी हीट' दाबलं गेलं, की पंप बाजूला बसतो आणि पट्टी एकटीच राबते. घर तितकंच उबदार राहतं, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. "लाल दिवा लागला होता, आम्हाला वाटलं थंडी आहे म्हणून असेल," दीर म्हणाला. त्याचा तो दिवा तीन आठवडे लागलेला होता.

त्याच राज्यात फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात याहून भयंकर प्रकार झाला, आणि त्यात दोष कुठल्याच पाइपाचा किंवा पट्टीचा नव्हता. गोठलेल्या यंत्रणेमुळे वीज तुटपुंजी झाली आणि घाऊक बाजारातला भाव कमाल मर्यादेला, मेगावॅट-तासाला 9,000 डॉलरला जाऊन भिडला. म्हणजे एका युनिटाला नऊ डॉलर, एरवी जिथे ग्राहकाला तेव्हा दहा-बारा सेंट पडत. ग्रिडी नावाची कंपनी महिन्याला दहा डॉलरच्या आसपास वर्गणी घेऊन घाऊक भावानंच वीज पुरवत असे. चांगल्या दिवसांत ते फायद्याचं होतं. त्या आठवड्यात तिच्या ग्राहकांना हजारो डॉलरची बिलं आली. फेब्रुवारी संपायच्या आत तिला त्या बाजारातून बाहेर काढलं गेलं आणि मार्चमध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. दिराचा दर ठरीव होता म्हणून तो वाचला. त्याच्या घरी त्या आठवड्यात वीजच नव्हती, हा आणखी एक बचाव.

तिकडे पायऱ्या नाहीत, भाव उसळतो. आपल्याकडे भाव आयोग ठरवतो, पण माणूस जिना चढतो. आणि जिना चढल्याचं त्याला महिन्यानं कळतं. महाराष्ट्रानं हे एकदा सामूहिकपणे अनुभवलं आहे. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदीत मीटरचं वाचन थांबलं. हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीवर बिलं गेली. प्रत्यक्षात लोक भर उन्हाळ्यात चोवीस तास घरात, पंखे आणि एसी चालू. त्यात एक एप्रिलपासून नवे दर लागू झालेले. जूनमध्ये खरं वाचन झालं आणि तुंबलेलं सगळं एकदम कागदावर आलं. मुंबईतल्या नटनट्यांपासून गावातल्या किराणावाल्यापर्यंत सगळे संतापले. युनिटं तेवढ्या महिन्यांत विभागून पायऱ्यांचा लाभ दिला आहे, हे स्पष्टीकरण देण्यात आलं. मला आठवतंय, तेव्हा मीही त्यावर नाक मुरडलं होतं. आज ती पद्धत समजते. पण ज्या कागदाच्या आकड्यांवरून गिऱ्हाइकाला ती स्वतः पडताळता येत नाही, त्या कागदावर त्यानं विश्वास ठेवावा, ही अपेक्षा तेव्हाही जास्त होती आणि आजही आहे.

पायऱ्यांमागचा विचार मला मान्य आहे. शंभर युनिटांत घर चालवणाऱ्याला वीज स्वस्त मिळावी, आणि पाचशेच्या वर जाणाऱ्यानं त्याचा भार उचलावा. पण हा जिना बांधला गेला तेव्हा वर चढणारा माणूस एसीवाला असणार, हे गृहीत होतं. गॅस सोडून विजेवर आलेलं घर या जिन्याला ओळखू येत नाही. आमच्या घरात उधळपट्टी वाढली नव्हती. सिलिंडरमधली उष्णता भिंतीतल्या तारेत आली होती, एवढंच. एकीकडे धूर नको, ज्वाळा नको, सगळं विजेवर आणा म्हणायचं, आणि आणलं की चैनीच्या पायरीवर बसवायचं, हे दोन्ही एकाच वेळी चाललं आहे.

छप्पर स्वतःचं असेल तर वाट सोपी आहे. एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला चारेक युनिटं देतो आणि ती जिन्याच्या वरच्या टोकाकडून वजा होतात, म्हणजे सगळ्यात महाग युनिट आधी गळतं. केंद्राच्या फेब्रुवारी 2024 मधल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे. पण चोवीस बिऱ्हाडांत एक गच्ची असली, की तिथे विजेचा नाही, सभेचा प्रश्न असतो. आमच्या सोसायटीची या विषयावर तीनदा सभा झाली. तिसऱ्या सभेत पार्किंगवरून भांडण झालं.

जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ऐंशी पैशांची सूट सुरू झाली. गीझर दुपारी तापवून ठेवावा का, असं नवऱ्यानं विचारलं. ऐंशी पैसे वाचवायला रात्रीपर्यंत टाकी निवत ठेवायची, हा हिशेब मी त्याला वहीत मांडून दाखवला. कपडे धुण्याचं यंत्र मात्र दुपारी गेलं.

भिंत फोडून जोड बदलला. काकूंच्या छताचा रंगही आम्हीच काढून दिला. गीझरची बटणं बंद करायला घर शिकलं, मुलगी सगळ्यात शेवटी. पुढच्या पूर्ण महिन्याची युनिटं 352 आली आणि बिल 4,438. गॅसच्या दोन्ही बाटल्या मिळून आम्हाला महिन्याला साडेआठशेच्या पुढेमागे पडायच्या. त्या धरूनही घर पूर्वीपेक्षा बाराशे-तेराशेनं महाग चालतं. गळती गेली, पायरी राहिली. रात्री झोपताना मी आता स्वयंपाकघरात वास घेऊन बघत नाही. ते बाराशे-तेराशे मी त्या खात्यावर लिहिते.

मीटरचा आकडा रोज टिपायचं काम आईंनी आपणहून घेतलं. सकाळी प्राजक्ताची फुलं वेचायला त्या खाली जातातच. येताना मीटरवरचा आकडा तळहातावर पेनानं लिहून आणतात आणि कालनिर्णयावर उतरवतात, त्या त्या तारखेच्या चौकटीत, पूर्वी 'गॅ. ला.' असायचं तिथेच. कधी शेजारच्या मीटरचा आकडा येतो. कधी कालचाच पुन्हा येतो. आठवड्यातून पाच दिवस बरोबर असतो, आणि तेवढं पुरतं.

परवा मी आकड्यावरून नजर फिरवत होते. सातही दिवस नीट होते, रोजचा फरक अकरा-बाराच्या आत. सातव्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गॅस – नंबर लावणे.'

"आई, हे काय?" मी विचारलं.

"अगं, पंचेचाळीस दिवस होऊन गेले," त्या म्हणाल्या. "नंबर लावला का?"

"लावला," मी म्हटलं.